निवलेल्या भाताला विस्तव

जपानी जेवणाची मराठीत ओळख करून द्यायची तर सुशीपासून सुरुवात करायची, अशी एक रीतच पडून गेली आहे. या पुस्तकाने ती मोडली. त्याचा विषय आहे याकी ओनिगिरी: हाताने दाबून बांधलेली, मग जाळीवर किंवा तव्यावर भाजलेली आणि शेवटी सोया सॉस नाहीतर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, चोपडलेली भाताची मूद. भात, मीठ, सोया किंवा मिसो आणि विस्तव, संपली सामग्री. एवढ्याशा ऐवजावर अख्खे पुस्तक कशाला, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर एका जुन्या मतभेदात सापडते. एक पक्ष म्हणतो, ही उरलेल्या भाताची सोय. सकाळचा भात रात्री खपवायची युक्ती. दुसरा पक्ष म्हणतो, शिळा भात बांधलाच जात नाही, तव्यावर फुटतो, म्हणून ताज्या वाफाळत्या भाताशिवाय याच्या वाटेला जाऊ नये. माझ्या मते दोघेही अर्धे बरोबर आहेत. दोघेही भात ताजा की शिळा एवढेच विचारतात. तो बांधण्याआधी निवला की बांधल्यानंतर, हे कोणी विचारत नाही. भात गरम असताना बांधावा, बांधल्यावर निवू द्यावा आणि मग भाजावा. या पदार्थाचा इतिहास, त्याचे प्रांतोप्रांतीचे अवतार आणि घरी करताना होणाऱ्या बहुतेक फजित्या या मधल्या निवण्याशी बांधलेल्या आहेत, हे दाखवणे हा या प्रस्तावनेचा हेतू.

इतिहास सांगताना लोक थेट 2000 वर्षे मागे उडी मारतात. इशिकावा प्रांतात, नोतो द्वीपकल्पाच्या पायथ्याशी, सुगितानी चानोबाताके नावाच्या ठिकाणी 1987मध्ये यायोई काळातला जळून कोळसा झालेला तांदळाचा त्रिकोणी गोळा सापडला. तो वाफवून मग भाजलेला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. जपानमधली सर्वांत जुनी ओनिगिरी म्हणून तो मिरवला जातो. मला त्यात उत्साहाचा भाग अधिक दिसतो, कारण तो पोटासाठी होता की देवासाठी हेच ठरलेले नाही. नैवेद्य असण्याची शक्यता अभ्यासकांनीच मांडली आहे. त्याहून भरवशाचा दुवा हेइआन काळातल्या तोन्जिकीचा. दरबारी समारंभात खालच्या नोकरचाकरांना वाटायचे हे भाताचे गोळे ‘गेन्जी मोनोगातारी’त, म्हणजे 11व्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथात येतात. मालक ताटावर बसून गरम जेवणार आणि नोकर गोळा हातात घेऊन सवडीने, म्हणजे निवल्यावर, खाणार. पुढे शेतकरी, वाटसरू आणि शिपाई यांच्या शिदोरीत हाच गोळा गेला. शिदोरीतला भात वाटेत निवतो, कडक होतो. जिथे मुक्काम तिथे शेकोटी, आणि शेकोटी असली की कडक गोळा तिच्याजवळ धरायला कुणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे याकी ओनिगिरीचा शोध अमक्याने अमक्या साली लावला, असे सांगणाऱ्याकडे संशयाने पाहावे.

निवलेला भात शिदोरीपुरताच नव्हता, हे एदो काळातल्या शहरांकडे पाहिले की कळते. कितागावा मोरिसादा या गृहस्थाने 1837मध्ये ‘मोरिसादा मान्को’ नावाचा रोजच्या रीतिरिवाजांचा कोश लिहायला घेतला आणि पुढची सुमारे 30 वर्षे तो त्यात भर घालत राहिला. तो नोंदवतो की एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, दिवसाचा भात सकाळीच शिजवत आणि दुपारी व रात्री तोच गार खात. क्योतो-ओसाकाकडे तो दुपारी शिजे. सरपण महाग, लाकडी घरांच्या दाटीत आगीची धास्ती, तेव्हा चूल एकदाच पेटणार. गार भात ही तिथे अडचण नव्हती, रोजची स्थिती होती. याच कोशात नाटकगृहातल्या माकुनोउची जेवणाचे वर्णन आहे: दहा चपटे गोल भाताचे गोळे, किंचित भाजलेले, सोबत अंडे, माशांच्या लगद्याची वडी, कोन्याकू नावाच्या कंदाची वडी, भाजलेला तोफू आणि भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्या, सगळे एका डब्यात. ते भाजण्याचे कारण उघड आहे. नाटकाला आलेल्या माणसाला चिकट भातात बोटे भरवायची नसतात, आणि भाजलेला गोळा डब्यात शेजाऱ्याला चिकटत नाही. क्योतो-ओसाकाकडचे गोळे पेंढ्याच्या पोत्यासारखे लांबट आणि वर काळे तीळ, एदोचे गोल किंवा त्रिकोणी, असा फरकही तो नोंदवतो. हा फरक आजही पुरता पुसलेला नाही.

आता घराणी. ढोबळ मानाने सोया आणि मिसो अशी दोन, आणि त्यांतली सीमारेषा नुसत्या चवीची नाही. सोयाचे घराणे शहराचे. एदोच्या अंगणात, तोने आणि एदो या नद्यांच्या काठी, नोदा आणि चोशी इथे गडद सोया सॉस करणारी घरे वाढली. 19व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांच्या मालाने पश्चिमेकडून जहाजाने येणारा सॉस एदोच्या बाजारातून जवळजवळ हुसकून लावला. गडद, उग्र, निखाऱ्यावर पडताच वास उधळणारा हा सॉस हाताशी आल्यावर भाजलेल्या भाताला तो लागणारच होता. आज इझाकायात, म्हणजे दारूबरोबर थोडेथोडे खाणे देणाऱ्या जपानी दुकानात, जेवणाच्या अखेरीस जी खरपूस तपकिरी मूद येते ती याच घराण्याची.

मिसोचे घराणे गावाकडचे आणि थंडीचे, आणि मला ते अधिक रोचक वाटते. सोया सॉस विकत आणायची चीज होती. मिसो घरोघरी पिंपात घातलेला असे. जपानच्या उत्तर भागात आणि जपानी समुद्राच्या बाजूला, जिथे हिमात गावे अडकून पडतात, तिथे भाताच्या गोळ्याला मिसो चोपडून तो इरोरीवर, म्हणजे घराच्या मध्यभागी जमिनीत खोदलेल्या चुलीवर, भाजत. नीगाता प्रांतात याला केन्सानयाकी म्हणतात. चपटा गोळा, त्यावर आले किंवा युझू नावाच्या ईडलिंबाची साल घातलेला मिसो, दोन्ही बाजूंनी भाजणे, आणि बऱ्याच घरांत मग तो वाडग्यात ठेवून वरून गरम चहा किंवा कढण ओतणे. उएसुगी केन्शिन या 16व्या शतकातल्या सरदाराच्या शिपायांनी तलवारीच्या टोकावर भात भाजला, त्यावरून हा पदार्थ आला अशी आख्यायिका आहे. सरदाराचे नाव चिकटले की पदार्थाला वजन येते, हे आपल्याकडेही काही निराळे नाही. गोष्ट म्हणून ती ऐकावी आणि सोडून द्यावी. तलवारीच्या टोकावर ओला गोळा टिकत नाही, हे कुणीही करून पाहू शकतो. शेजारच्या यामागाता प्रांतातल्या शोनाई भागात बेन्केइमेशी आहे: मिसो लावलेला गोळा खारवलेल्या हिरव्या पानात गुंडाळून भाजायचा. इथे पान दुहेरी काम करते. मिसोला थेट आचेपासून वाचवते आणि स्वतः कडेने करपून एक कडवट वास देते. मिसो फार लवकर जळतो, आणि त्यावर गरीब घरांनी शोधलेला याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही.

या दोन घराण्यांच्या कडेला काही चुलत भावंडे उभी आहेत. नागानो, गिफू, आइची या डोंगराळ भागातला गोहेइमोची, भात अर्धवट कुटून काठीला थापलेला, वर अक्रोड, तीळ आणि मिसो यांचे वाटण. आणि आकिताचा किरितान्पो, कुटलेला भात देवदाराच्या काठीभोवती नळीसारखा लिंपून भाजलेला, जो नंतर कोंबडीच्या रश्श्यात पडतो. दोन्हींत दाणा मोडलेला असतो, याकी ओनिगिरीत तो अखंड राहिला पाहिजे. पुस्तकाने त्यांना एका प्रकरणाच्या आत ठेवले ते योग्यच केले.

गरजेतून जन्मलेला पदार्थ गरज संपल्यावर काय करतो, हा मला या इतिहासातला खरा कुतूहलाचा भाग वाटतो. 1955मध्ये तोशिबाने भात आपोआप शिजवणारा विजेचा कुकर बाजारात आणला, आणि 1970च्या दशकात भात तासन्‌तास गरम ठेवणारी भांडी घरोघरी आली. दोन दशकांत जपानी घरातला गार भात संपला. तर्काने पाहता याकी ओनिगिरीही संपायला हवी होती, पण तसे झाले नाही. ती इझाकायाच्या खाद्ययादीत सरकली, उघड्यावरच्या कोळशाच्या मेजवान्यांत गेली, आणि 1980च्या दशकाच्या अखेरीपासून गोठवलेल्या पाकिटांत आली. याचा अर्थ असा की निवण्यामुळे आणि भाजण्यामुळे भाताला जे काही येत होते ते केवळ सोय नव्हते. लोकांना त्याची चटक लागली होती. साधी ओनिगिरी मात्र उलट दिशेने गेली. 1978मध्ये सेव्हन-इलेव्हन या दुकानसाखळीने नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा कागदासारखा ताव, आणि भात यांच्यामध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून नोरी कुरकुरीत ठेवायची युक्ती रूढ केली आणि ओनिगिरी दुकानाची झाली. भाजलेल्या मुदीला असे काही करता येत नाही, कारण तिचा कुरकुरीतपणा पाकिटात मरतो. गोठवलेली मूद गरम करून खा, ती चविष्ट असते. पण कवच मऊ पडलेले असते. घरी करण्याच्या बाजूने एवढा एकच मुद्दा मांडायचा झाला तरी मला तो पुरेसा वाटतो.

निवण्याने नेमके काय होते? शिजताना तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. निवताना त्याचे रेणू पुन्हा रांगेत बसू लागतात, पाणी बाहेर ढकलतात, दाणा आवळतो. ही क्रिया फ्रीजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते, म्हणून फ्रीजमधला भात खडखडीत आणि सुटा असतो. असा भात बांधायला घेतला की दाण्यांवर चिकटपणाच उरलेला नसतो, आणि मूद तव्यावर फुटते. शिळ्या भाताला नावे ठेवणाऱ्या पक्षाचे म्हणणे इथे खरे ठरते. पण तोच भात वाफेवर पुरता गरम केला की रांगा मोडतात आणि तो पुन्हा चिकटतो. उलट, वाफाळता भात बांधून तसाच जाळीवर ठेवला तर पृष्ठभाग ओला असतो. आधी ते पाणी उडावे लागते, तोवर आतला भात सुकतो आणि दाणे जाळीला धरतात. बांधलेली मूद उघड्यावर अर्धा तास निवू दिली की बाहेरचा थर कोरडा व घट्ट होतो, आत ओल शाबूत राहते. मग उष्णता लागताच त्या थराचे कवच होते. जपानी तांदूळ यासाठी सोयीचा, कारण त्यात अमायलोज (दाणे सुटे ठेवणारा स्टार्चचा घटक) कमी असते. 1956मध्ये नोंदणी झालेल्या आणि पुढे तिथे राज्य करणाऱ्या कोशिहिकारी या जातीत ते साधारण 17 टक्क्यांच्या आसपास. बासमतीत ते जास्त, म्हणून त्याचा दाणा सुटा राहण्यातच धन्यता मानतो.

भाजण्याकडे जरा जवळून पाहू. मूद साधारण 100 ते 120 ग्रॅम भाताची, मिठाच्या पाण्याने हात ओले करून बांधलेली, नेहमीच्या ओनिगिरीपेक्षा अंमळ घट्ट, कारण हिला उलटायचे असते. आणि चपटी, कारण जाड मूद आतून गरम व्हायच्या आत बाहेरून करपते. मध्यम-मंद आचेवर ती ठेवली की पहिली पाच-सहा मिनिटे तिला हात लावायचा नाही. घाई नडते ती इथेच. कवच धरण्याआधी उलथने घातले की निम्मा भात जाळीवर राहतो; कवच धरले की मूद आपणहून तवा सोडते, घावन सोडते तशी. दोन्ही बाजू कोरड्याच फिकट सोनेरी झाल्या, बोटाने टकटक केल्यावर कोरडा आवाज आला, की मगच सोया. तोही ब्रशने पातळ, एका बाजूला लावून ती बाजू आचेकडे, जेमतेम अर्धा मिनिट, मग दुसरी बाजू, असे दोन-तीन हात. सोया आधी लावला तर दोन गोष्टी बिघडतात. त्यातल्या पाण्याने कवच भिजते, आणि त्यातली साखर व अमिनो आम्ले एकमेकांशी भिडून खमंग होण्याच्या टप्प्यावर न थांबता थेट काळी पडतात. खमंग आणि करपलेले यांच्यात काही सेकंदांचेच अंतर आहे. सोया भातात कालवून मग बांधायचा, असाही एक प्रकार आहे. त्याने चव आतपर्यंत जाते, पण गोळा लवकर करपतो आणि आतला पांढरा भात व बाहेरचे खारट कवच यांतला विरोध नाहीसा होतो. मला तो प्रकार दुय्यम वाटतो. पुस्तकाचे मत माझ्यापेक्षा सौम्य आहे.

कोळशाशिवाय हे खरे नव्हेच, असा एक आक्षेप हमखास येतो. शिचिरिन नावाची मातीची शेगडी, तीही नोतोच्या सुझूतल्या मातीची, आणि किशूचा बिन्चोतान कोळसा, याशिवाय याकी ओनिगिरी म्हणजे नक्कल, असे म्हणणारे जपानमध्येही आहेत. बिन्चोतान धुराविना, संथ आणि कोरडी आच देतो आणि तिचा उपयोग नक्कीच होतो. पण जपानी घरांत ही मूद बहुधा गॅसच्या शेगडीतल्या मासे भाजायच्या कप्प्यात किंवा साध्या तव्यावर होते, आणि त्याबद्दल तिथे कुणाला अपराधी वाटत नाही. इरोरीतल्या लाकडाच्या राखेवर भाजणाऱ्या नीगाताच्या बायकांना बिन्चोतान कुठे मिळत होता? दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. भाजल्याने शिळा भात निर्धोक होतो, असा एक समज असतो, आणि तो चूक आहे. भात खोलीच्या उष्णतेत बराच वेळ राहिला तर बॅसिलस सेरियस हा जंतू त्यात वाढतो, आणि त्याच्या एका प्रकारचे विष भाजण्याच्या आचेलाही दाद देत नाही. मी वर म्हटलेले निवणे अर्ध्या तासाचे आहे, रात्रभराचे नाही. उरलेला भात लगेच पसरून गार करावा, फ्रीजमध्ये किंवा गोठवून ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी पुरता गरम करूनच बांधायला घ्यावा.

हे पुस्तक आत्ताच का, याचेही कारण आहे. जपानमध्ये 1962 साली माणशी वर्षाला 118 किलोंच्या घरात तांदूळ खपत असे. आज तो निम्म्याहून कमी झाला आहे. भात मागे पडतो आहे म्हणावे तर 2024च्या उन्हाळ्यात दुकानांतल्या तांदळाच्या फळ्या रिकाम्या झाल्या, 2025च्या मार्चपर्यंत पाच किलोंच्या पिशवीचा भाव वर्षभरात दुपटीच्या आसपास जाऊन 4000 येनांच्या वर पोचला आणि सरकारला राखीव साठा बाहेर काढावा लागला. भाव चढले की उरलेल्या घासाकडे लक्ष जाते. त्याच सुमारास ओनिगिरीच्या खास दुकानांची लाटही आली आहे; तोक्योच्या असाकुसातल्या, 1954 सालच्या ‘यादोरोकू’ या दुकानाची मिशलिन मार्गदर्शिकेने दखल घेतली. त्यामुळे एकाच वेळी ओनिगिरी महागही होते आहे आणि मानाचीही. या गडबडीत भाजलेली मूद पुन्हा घराकडे येईल असे मला वाटते, कारण तिचे कवच दुकानातून घरापर्यंत टिकत नाही.

मराठी स्वयंपाकघरासाठी काही बदल अटळ होते. जपानी तांदूळ पुण्या-मुंबईत मिळतो, पण दर ऐकून हात आखडतो. मावळातला इंद्रायणी शिजल्यावर चिकट आणि आसट होतो, त्याची मूद चांगली बांधली जाते. आंबेमोहरही चालतो, फक्त त्याचा बारीक दाणा फार दाबला की लगदा होतो. गोव्याकडचा आणि तळकोकणातला उकडा तांदूळ जेवायला कितीही गोड लागला तरी या कामाला निरुपयोगी. तांदूळ धुऊन रोवळीत निथळणे, मग अर्धा तास भिजवणे, या पायऱ्या पुस्तकाने सोडलेल्या नाहीत आणि वाचकानेही सोडू नयेत. व्हिनेगर घालायचे नाही. ते सुशीच्या भाताचे. शाकाहारी वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे की साधा सोया सॉस सोयाबीन, गहू आणि मिठाचा असतो, पण ‘दाशी’ हे कढण मिसळलेल्या मिसोत किंवा तयार सॉसमध्ये बहुधा सुका मासा असतो. वरून ओतायच्या कढणाला समुद्री शेवाळ कोम्बू आणि सुक्या शिताके मश्रूमचे पाणी चालते, आणि जपानी मठांतल्या स्वयंपाकात ते जुनेच आहे. जाळीसाठी पापड भाजायची जाळी वापरता येते, पण ती ज्योतीच्या फार जवळ असते, म्हणून सुरुवातीला लोखंडी तवाच बरा, तेलाचा हात न फिरवता. हृदयाच्या आणि अस्वलाच्या आकाराचे प्लास्टिकचे साचे पुस्तकात नाहीत. साच्यात मूद सगळीकडून सारखी दाबली जाते. हाताने बांधताना कडा घट्ट आणि मध्य सैल ठेवता येतो. कडा घट्ट असल्या की उलटताना मूद फुटत नाही, आणि मध्य सैल राहिला की दाताखाली दाणे मोकळे होतात.